व्हिला-लोबोसचा पहिला एत्यूद कसा बसवावा

क्लासिकल गिटार काही वर्षं वाजवल्यावर कधी ना कधी ई मायनरमधला हा एत्यूद, म्हणजे अभ्यासरचना, समोर येतो. पान उघडलं की सोळाव्या स्वरांच्या (एका मात्रेत चार येणाऱ्या) ओळीच्या ओळी दिसतात. धून कुठे आहे ते पटकन कळत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक बारला (चार मात्रांच्या आवर्तनाला) पुनरावृत्तीची खूण असते. बरेच जण दोन महिने जोर लावतात आणि सोडून देतात. मीही एकदा सोडला होता. दुसऱ्यांदा हातात घेतला तेव्हा क्रम उलटा केला, म्हणजे उजवा हात आधी आणि डावा नंतर, आणि तो बसला. तोच क्रम इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. हेतोर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) हा ब्राझीलचा संगीतकार. तरुणपणी रिओ दि जानेरोमध्ये शोरो हे तिथलं लोकप्रिय संगीत वाजवणाऱ्या मंडळींच्या संगतीत तो गिटार वाजवायचा, त्यामुळे हे वाद्य त्याला हातातून माहीत होतं. त्याचे गिटारसाठीचे बारा एत्यूद १९२९ सालचे मानले जातात. ते स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाला अर्पण केलेले आहेत आणि पॅरिसच्या माक्स एशिग या प्रकाशनाकडून १९५३ मध्ये छापून आले. प्रस्तावना सेगोव्हियाचीच. स्कार्लाती आणि शोपँ या संगीतकारांच्या अभ्यासरचनांच्या पंक्तीत त्याने या बारा एत्यूदांना बसवलं आहे. १९२८ सालचं हस्तलिखित पुढे उजेडात आलं आणि त्यात छापील प्रतीपेक्षा बरेच फरक आढळले, त्यामुळे दोन वादकांचं वाजवणं वेगळं वाटलं तर गोंधळू नका. मी इथे छापील प्रत धरून लिहितो आहे.

बारा एत्यूदांपैकी हा पहिला आर्पेजिओचा. म्हणजे कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे) स्वर एकदम न छेडता एकामागून एक तारेवर उमटवत जायचे. संपूर्ण रचनेत उजव्या हाताची जवळपास एकच चाल आहे, सोळा आघातांची. ती चाल नीट समजली की अर्धं काम होतं, म्हणून तिथेच जास्त वेळ देऊ.

चालीची फोड

तारांचे आकडे नेहमीप्रमाणे: १ सर्वांत बारीक, ६ सर्वांत जाड. एका बारमध्ये चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेत चार आघात.

पहिली मात्रा: ६ अंगठा, ४ तर्जनी, ५ अंगठा, ३ तर्जनी.
दुसरी मात्रा: ४ अंगठा, २ मध्यमा, ३ तर्जनी, १ अनामिका.
तिसरी मात्रा: २ मध्यमा, १ अनामिका, ३ तर्जनी, २ मध्यमा.
चौथी मात्रा: ४ अंगठा, ३ तर्जनी, ५ अंगठा, ४ तर्जनी.

हे वाचून पाठ करायला गेलात तर डोकं गरगरेल. त्यापेक्षा जोड्या करून बघा. चढताना ६-४, ५-३, ४-२, ३-१. प्रत्येक जोडीत मधली एक तार सोडलेली आहे. उतरताना २-१, ३-२, ४-३, ५-४. इथे शेजारशेजारच्या तारा. म्हणजे हात वर जाताना एक तार ओलांडून जातो आणि खाली येताना प्रत्येक तारेवर पाय ठेवत येतो. हे एकदा दिसलं की सोळा आघात लक्षात ठेवायचं ओझंच उरत नाही, आठ जोड्या पुरतात.

आता बोटांचा हिशेब. सोळापैकी अंगठ्याकडे पाच आघात, तर्जनीकडे सहा, मध्यमेकडे तीन आणि अनामिकेकडे फक्त दोन. आपल्याला वाटतं की या एत्यूदमध्ये अनामिका दमते, कारण ती मुळात कमजोर. प्रत्यक्षात दमते ती तर्जनी. शिवाय तिला चौथ्या तारेवरून तिसऱ्यावर आणि पुन्हा चौथ्यावर अशी ये-जा करावी लागते, बाकीच्या दोन बोटांना आपली तार सोडावीच लागत नाही. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिक-टिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० टिकांवर असेल आणि एका टिकेला चार आघात असतील तर मिनिटाला पंधरा बार होतात, म्हणजे एकट्या तर्जनीचे नव्वद आघात. १०० वर गेलात की दीडशे. वेग वाढवताना हात कुठे अडतो ते शोधायचं असेल तर पहिल्यांदा तर्जनीकडेच बघा.

दुसरी गोष्ट ठेक्याची. चार मात्रांच्या पहिल्या आघातांवर कोण आहे? पहिलीवर सहाव्या तारेवरचा अंगठा, दुसरीवर चौथ्या तारेवरचा अंगठा, तिसरीवर दुसऱ्या तारेवरची मध्यमा, चौथीवर पुन्हा अंगठा. तिसऱ्या मात्रेला अंगठ्याचा आधार नाही, आणि तिच्या आधी एक आणि नंतर एक असे पहिल्या तारेचे दोन मोकळे, चमकदार ई येतात. परिणाम असा की कानाला मात्रा चुकीच्या जागी पडल्यासारखी वाटते. पहिली तार टणटण वाजते आणि खरी तिसरी मात्रा दबून जाते. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं. वाजवताना मला पत्ता नव्हता. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकलं तेव्हा दर बारच्या मधोमध ते दोन ठोके घंटेसारखे ऐकू आले.

डावा हात मांडीवर

माझ्या सरांनी तेव्हा डावा हात मांडीवर ठेवायला लावला आणि मोकळ्या तारांवर फक्त उजवा हात चालवायला सांगितलं. नऊ दिवस. तेव्हा फार वाटले, आता वाटतं की त्यांनी माझे सहा महिने वाचवले. तुम्हीही सुरुवात अशीच करा.

बसायची पद्धत नेहमीचीच, डाव्या पायाखाली फूटस्टूल किंवा मांडीवर टेकू. उजव्या हाताची कोपरापुढची बाजू गिटारच्या कडेवर सैल टेकलेली, मनगट तारांपासून थोडं वर आणि सरळ. सगळे आघात फ्री स्ट्रोकने, म्हणजे बोट तार छेडून शेजारच्या तारेवर न टेकता तळहाताकडे आत जातं. तर्जनी तिसऱ्या-चौथ्या तारेमध्ये फिरते तेव्हा हालचाल बोटाच्या मुळाच्या सांध्यातून व्हावी. पूर्ण हात वरखाली डोलत असेल तर आरशासमोर बसा, लगेच कळेल.

पहिले तीन-चार दिवस मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि एका टिकेला एकच आघात घ्या. हो, इतकं हळू. या वेगात एक विशेष सराव करायचा आहे: ज्या बोटाची पाळी पुढे येणार आहे ते आधीच तारेवर जाऊन बसलं पाहिजे. अंगठा सहावी तार छेडतो त्या क्षणी तर्जनी चौथ्या तारेवर टेकते. तर्जनी छेडते तेव्हा अंगठा पाचव्यावर टेकलेला. स्वर तुटक ऐकू येतील, कारण टेकलेलं बोट आधीचा आवाज थांबवतं. या सरावात तुटकपणाच हवा आहे. बोटाला आपलं घर आधी सापडतं आणि मग आघात. गोड वाजवायचा मोह इथे आवरा.

तारेवर बोट टेकतं तेव्हा मांस आणि नख यांच्या सांध्यावर तार यायला हवी. नुसत्या नखावर आली तर आवाज पातळ आणि खरखरीत, नुसत्या मांसावर आली तर बोट अडकतं. या रचनेत नखातला दोष लपत नाही, कारण एका बोटाचा आवाज दुसऱ्याच्या शेजारी सतत उभा असतो. तर्जनीचं नख इतर बोटांपेक्षा लांब असेल तर ती दर वेळी उशिरा सुटते आणि तो उशीर आपल्याला तालातली चूक वाटतो. नखं कानशीने आकाराला आणून वर बारीक पॉलिश पेपर फिरवा. भांडी घासल्यावर किंवा आंघोळीनंतर लगेच रियाजाला बसू नका, भिजलेलं नख मऊ असतं आणि पटकन चिरतं.

आठवड्यानंतर एका टिकेला दोन आघात, मग चार. एका टिकेला चार आघात ४० वर स्वच्छ निघायला लागले की आघातांचा जोर बदलून बघा. एक बार फक्त पहिल्या मात्रेवर जोर, दुसरा बार फक्त तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे मध्यमेवर. मध्यमेवर मुद्दाम जोर देता येऊ लागला की पहिल्या तारेचे ते दोन टणत्कार आपोआप मऊ होतात. मला याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कुठल्याही सरावाचा झाला नाही. आणखी एक युक्ती: चाल तिसऱ्या मात्रेपासून सुरू करा आणि दुसऱ्या मात्रेवर संपवा. हात भांबावतो, पण दोन दिवसांत चालीचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ओळखीचा होतो.

हे जड जात असेल तर इटालियन गिटारवादक मौरो जुलिआनीच्या ओपस १ मधले उजव्या हाताचे १२० सराव काढा. डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन असे दोनच कॉर्ड असतात, सगळं लक्ष उजव्या हाताकडे देता येतं. त्यातले रोज चार पुरे.

डावा हात येतो तेव्हा

पहिला बार साधा ई मायनर कॉर्ड आहे, पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरी फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधली जागा), बाकी तारा मोकळ्या. या एका बारवर दोन-तीन दिवस राहा. मोकळ्या तारांवर कमावलेली समता इथे टिकते का ते बघा. डावा हात आला की उजवा बिघडतोच. पुढे जायची घाई केली तर तो बिघाड पक्का होतो.

आता कॉर्ड बदलायची वेळ. बहुतेक जण पुढचा कॉर्ड सगळ्या बोटांनी एकदम पकडायला जातात आणि बारच्या सुरुवातीला एक झटका बसतो. चालीकडे पुन्हा बघा. बारचा शेवटचा आघात चौथ्या तारेवर आहे. नव्या बारचा पहिला सहाव्यावर, दुसरा लगेच पुन्हा चौथ्यावर, तिसरा पाचव्यावर, चौथा तिसऱ्यावर आणि दुसरी तार येते ती थेट सहाव्या आघाताला. म्हणजे सगळ्यांत घाई चौथ्या तारेवरच्या बोटाला. त्याच्याकडे एकच आघात एवढा अवकाश आहे. दुसऱ्या तारेवरच्या बोटाला मात्र भरपूर सवड असते, कारण जुन्या बारमध्ये त्या तारेचा शेवटचा आघात बारावा आणि नव्यात पहिला सहावा.

म्हणून प्रत्येक कॉर्डबदलासाठी एक वेगळा सराव करा. जुन्या बारची फक्त चौथी मात्रा आणि नव्या बारची फक्त पहिली मात्रा, एवढे आठ आघात, दहा वेळा. डाव्या हातात चौथ्या तारेचं बोट आधी उतरवा, मग पाचव्याचं, मग तिसऱ्याचं. बोटं क्रमाने उतरू लागली की झटका जातो आणि स्वर एकमेकांत मिसळत राहतात. अर्थात सवड आहे म्हणून बोटं लवकर उचलू नका, नाहीतर दुसऱ्या तारेचा स्वर मधेच कापला जाईल. शक्य तितका वेळ धरून ठेवायचं.

सरकता कॉर्ड

रचनेच्या मध्यावर तो सुप्रसिद्ध भाग येतो. डाव्या हाताची चार बोटं एक डिमिनिश्ड कॉर्ड (तीन-तीन फ्रेटच्या समान अंतरावरच्या चार स्वरांचा, ताणलेला वाटणारा कॉर्ड) पकडतात आणि तोच आकार न बदलता गळ्याच्या वरच्या भागातून एक-एक फ्रेट खाली, म्हणजे खुंट्यांच्या दिशेने, सरकत येतो. पहिली आणि सहावी तार मात्र मोकळीच वाजत राहते. आकार असा (पहिलं बोट म्हणजे तर्जनी, चौथं म्हणजे करंगळी): पाचव्या तारेवर दुसरं बोट, तिसऱ्या तारेवर त्याच्या एक फ्रेट मागे पहिलं बोट, आणि चौथ्या व दुसऱ्या तारेवर एक फ्रेट पुढे अनुक्रमे तिसरं आणि चौथं बोट.

बदल करायची जागा आयती मिळालेली आहे. बारचा पहिला आघात मोकळ्या सहाव्या तारेवर आहे, तो वाजत असतानाच पूर्ण हात सरकवायचा. बोटं तारांवरून उचलू नका, फक्त दाब काढा. पाचव्या आणि चौथ्या तारेला धातूचं वेष्टन असतं, दाब राहिला तर सरकताना किरकिर ऐकू येते. अंगठा गळ्याच्या मागे हाताबरोबर प्रवास करू दे. तो वर अडकून राहिला तर तीन-चार बारनंतर मनगट वळतं आणि तिथून दुखणं सुरू होतं.

आकार तोच असला तरी हाताला तो तसा नसतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेच्या गिटारवर दहाव्या फ्रेटची रुंदी सुमारे २१.७ मिलिमीटर भरते आणि पहिल्या फ्रेटची सुमारे ३६.५. खाली येताना प्रत्येक पायरीला हात थोडा उघडत जायला हवा. वर सहज जमणारा कॉर्ड खाली आल्यावर दबलेला का वाजतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यामुळे हा भाग खालून वर असाही बसवा. सर्वांत रुंद जागेपासून सुरुवात केली की हाताला ताणाची ओळख आधी होते.

आणि इथे कान उघडे ठेवा. डिमिनिश्ड कॉर्ड तीन फ्रेट सरकला की पुन्हा तेच चार स्वर येतात, फक्त जागा बदलून. म्हणजे निरनिराळे कॉर्ड खरे तर तीनच. त्या तिन्हींपैकी एकातच ई हा स्वर आहे. पाचव्या तारेवरचं बोट दहाव्या, सातव्या किंवा चौथ्या फ्रेटवर असतं तेव्हा मोकळ्या ई तारा कॉर्डमध्ये विरघळून जातात. मधल्या दोन-दोन पायऱ्यांवर त्याच तारा कॉर्डला घासतात, बोचतात. ताण, ताण, सुटका, ताण, ताण, सुटका, अशी ही उतरण आहे. मी ताणाच्या बारमध्ये मोकळ्या सहाव्या तारेला किंचित वजन देतो आणि सुटकेच्या बारमध्ये हात हलका करतो. तुम्हाला उलटं आवडेल. पण या दोन्हींतला फरक न ऐकता वाजवलं तर तो भाग नुसती पाठांतराची घसरगुंडी होतो, आणि इतक्या सुंदर जागेचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुनरावृत्तीचं काय करायचं

बहुतेक बार दोनदा वाजवायचे आहेत. सरसकट पहिल्यांदा मोठा आणि दुसऱ्यांदा हळू असं केलं तर चौथ्या बारलाच ऐकणाऱ्याला पुढचं कळतं. मी दर दोन-चार बारांचा एक श्वास धरतो आणि त्यात आवाज चढवत किंवा उतरवत नेतो. पुनरावृत्तीचा खरा फायदा मात्र बसवतानाच आहे. पहिली फेरी उजव्या हाताकडे लक्ष देऊन वाजवायची, दुसरी पुढच्या कॉर्डचा विचार करत. मन एक बार पुढे आणि हात या बारमध्ये, ही सवय लागली की कॉर्डबदलाची धास्ती जाते.

वेग आणि थकवा

स्वरलिपीवर अलेग्रो नॉन त्रोप्पो लिहिलेलं आहे, वेगवान पण फार नाही. मैफलीतले वादक पुष्कळ वेगाने वाजवतात, त्यांच्याशी तुलना करून मनस्ताप करून घेऊ नका. एका टिकेला चार आघात धरून ८० वर पूर्ण रचना समान आवाजात निघाली तर ती ऐकण्यासारखी झाली, असं मी मानतो.

दर दिवशी दोन-दोन टिका वाढवत नेण्याने मला कधी वेग मिळाला नाही. एका मर्यादेला हात आवळतो आणि आवळलेल्या हाताचीच सवय होते. त्याऐवजी एकच मात्रा हव्या त्या अंतिम वेगात वाजवा आणि थांबा. हात पूर्ण सैल होऊ द्या. पुन्हा एक मात्रा. जमलं की दोन मात्रा, मग पूर्ण बार, मग बार आणि पुढच्याचा पहिला आघात. उरलेला रियाज विलंबित लयीतच. माझा दिवसाचा हिशेब साधारण दहा मिनिटं मोकळ्या तारा, पंधरा मिनिटं दोन-तीन कॉर्डबदल, पाच मिनिटं वेगाचे तुकडे आणि शेवटी एकदा पूर्ण रचना, हळू.

उजव्या हाताच्या मागच्या स्नायूत जळजळ झाली किंवा करंगळी ताठ बाहेर आली की त्याच क्षणी थांबा. करंगळीचा ताठपणा म्हणजे अनामिका ओढली जाते आहे. हात खाली सोडा, दोन मिनिटं झुलवा. दुखत असताना रेटलेला रियाज पुढच्या आठवड्यातून वजा होतो. एका पावसाळ्यात मी रेटला होता आणि तीन आठवडे गिटारला हात लावता आला नाही.

शेवटाकडे

सरकता कॉर्ड संपल्यावर एका जागी ही चाल थांबते आणि डाव्या हाताच्या लिगाडोंचा छोटा तुकडा येतो. उजवा हात तार एकदा छेडतो आणि पुढचा स्वर डाव्या हाताचं बोट आपटून किंवा तार ओढून काढतं. इतका वेळ सोळा-सोळा आघातांच्या शिस्तीत चाललेला कान इथे हमखास घाईला येतो. हा तुकडा मेट्रोनोमवर वेगळा बसवा आणि त्याच्या आधीचा एक बार जोडूनच वाजवा, नाहीतर सांधा उघडा पडतो. तार ओढताना बोट वर उचलायचं नाही, तळहाताच्या दिशेने किंचित खेचायचं. वर उचललं तर दुसरा स्वर पोकळ येतो.

शेवटाजवळ नैसर्गिक हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून काढायचे घंटेसारखे स्वर, आहेत. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर, दाब न देता, नुसतं टेकलेलं. उजवा हात इथे ब्रिजकडे (तारा जिथे गिटारच्या पोटावर बांधलेल्या असतात तिकडे) दोन बोटं सरकवा म्हणजे आवाज मोकळा आणि स्पष्ट येतो. आणि टेकलेलं बोट आघातानंतर लगेच उचला, रेंगाळलं तर स्वर मिटतो. शेवटचा आवाज विरेपर्यंत दोन्ही हात जागचे हलवू नका.